वाघमारे मॅडमचा पूर्वपक्ष

कुणी ‘ते लोक’ म्हणालं की वाघमारे मॅडम त्याला तिथेच अडवायच्या.

“कोण लोक? नाव सांगा.”

“अहो मॅडम, म्हणजे आपलं... सगळेच.”

“सगळ्यांना भेटलात तुम्ही? ज्यानं केलं त्याचं एक नाव सांगा, मग पुढे बोलू.”

आमच्या स्टाफरूममध्ये यामुळे कितीतरी गप्पा सुरू होण्याआधीच मेल्या. एकदा क्रीडाशिक्षक तावातावाने सांगत होते की बाहेरून आलेल्या ‘त्या लोकांनी’ सगळं भाईंदर घाण करून टाकलंय. मॅडमनी नाव विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. शेवटी त्यांना एकच नाव आठवलं, आमच्या कॉलेजच्या शिपायाचं. त्याच शिपायाने त्या सकाळी त्यांची बंद पडलेली स्कूटर गेटपासून गॅरेजपर्यंत ढकलत नेली होती. सर स्वतःच हसले आणि डबा उघडून बसले.

मॅडम आमच्या ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायच्या. मी मराठी. तर्कशास्त्र हा विषय मुलं ‘मार्क पडतात’ म्हणून घेतात, तसाच आमच्याकडेही घेत. पण वर्षाच्या शेवटी त्यातल्या चार-पाच जणांना मॅडमची सवय लागायची, आणि ती पुढे सुटायची नाही. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, खळ घातलेली सुती साडी. खडू ठेवायला चष्म्याची जुनी डबी. बोलताना आवाज कधी चढला नाही. राग आला की मात्र परभणीकडचा ‘कामून’ तोंडात यायचा. “कामून म्हणता असं? कशावरून?” असं त्या म्हणाल्या की मुलं ओळखायची, आता सुटका नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मॅडम भित्र्या होत्या. नंतर लोकांनी त्यांना निर्भय वगैरे म्हटलं, पण मी शेजारच्या टेबलावर बसत होतो, मला माहीत आहे. त्यांना कुत्र्यांची भीती वाटायची. लिफ्टमध्ये एकटीनं जायची वाटायची. मीरा रोड स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडताना त्या कुणा अनोळखी बाईचा दंड धरायच्या आणि पलीकडे गेल्यावर सोडून ‘थँक्यू’ म्हणायच्या. प्राचार्यांनी बोलावलं तरी जाण्याआधी पाणी पिऊन जायच्या. आपण भित्रे आहोत हे त्या लपवतही नसत. “मला भीती वाटतेय” हे वाक्य त्या ‘मला भूक लागलीय’ इतक्या सहज म्हणत.

त्यांचा खरा संसार होता रविवार सकाळचा. भाईंदरमधल्या गोडदेव गावच्या एका छोट्या वाचनालयाची मागची खोली त्यांनी मागून घेतली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, भिंतीला फळा. दहा-बारा माणसं जमायची. विषय जड असायचे: राज्याला धर्म असावा का, सहिष्णुता कुठे संपते, देवाचा कायदा मोठा की माणसांचा. नियम एकच होता. ज्याला कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, त्यानं आधी ते म्हणणं स्वतःच्या तोंडाने मांडायचं. आणि असं मांडायचं की समोरच्यानं म्हटलं पाहिजे, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ ते झाल्याशिवाय उत्तर द्यायचा हक्क नाही. आपल्याकडचे जुने पंडित याला पूर्वपक्ष म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, त्या हे पंडितांकडून शिकल्या नाहीत, वडिलांकडून शिकल्या. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. भावंडांचं भांडण त्यांच्यापुढे गेलं की ते म्हणायचे, “तुझी तक्रार नंतर. आधी तिची तक्रार काय आहे ते तू सांग.”

“निम्मी भांडणं तिथेच मिटायची,” मॅडम सांगायच्या. “उरलेली निम्मी मात्र खरी असायची. ती मग नीट भांडायची.”

त्या खोलीत दोन माणसं अशी होती की त्यांच्याशिवाय रविवार फिका जायचा. एक विनायक भोईर. गोडदेवचाच, मॅडमचा जुना विद्यार्थी. फ्लॅट भाड्याने मिळवून देण्याचा धंदा, आणि गावच्या मंडळाचा अध्यक्ष. कपाळावर टिळा, खिशात तीन मोबाइल. दुसरे आमच्याच कॉलेजातले रसायनशास्त्राचे मुकादम सर. मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला नया नगरात, मीरा रोडच्या मुस्लिम वस्तीत. पाच वेळची नमाज, पांढरी दाढी, आणि माझ्याहून शुद्ध मराठी. दोघेही श्रद्धेचे पक्के. दोघांनाही मॅडमचा विचार पटत नसे, आणि दोघेही रविवार चुकवत नसत.

भोईर एकदा म्हणाला होता, “मॅडम, तुमचा उदारमतवाद हाय ना, तो बाहेरून आलेल्यांची सोय हाय. ज्याला मागं गाव हाय त्याला इथं काय पन झालं तरी चालतं. आमचं गाव हेच. शेतं गेली, खाजणं गेली, मिठागरं गेली. वर टॉवर आले. देऊळ तेवढं राहिलं. आता त्याच्या घंटेचा आवाज किती पाहिजे, ते पन तुम्ही ठरवनार?”

मॅडमनी त्याचं म्हणणं पुन्हा मांडलं. इतकं चांगलं मांडलं की भोईरचे डोळे भरून आले. मग मुकादम सर म्हणाले, “माझी अडचण वेगळी आहे. तुम्ही सांगता, धर्म घरात ठेवा, बाहेर नागरिक म्हणून या. पण शेजारी उपाशी असेल तर जेवू नकोस, हे मला माझा धर्म सांगतो. ते मी घरात कसं ठेवू? शेजारी तर घराबाहेर आहे.”

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हा दोघांचं म्हणणं मला कळलं. मान्यही आहे बरंचसं. पण तुम्ही दोघेही राज्याला म्हणताय, मला मोकळं सोड. तुमची मुलगी उद्या तुम्हाला तेच म्हणाली तर? धर्म चांगला की वाईट, हे मी त्याच्या आत काय आहे त्यावरून ठरवत नाही. त्यातून बाहेर पडणाऱ्याचं काय होतं, त्यावरून ठरवते. सेक्युलर राज्यानं कुणाच्या देवाला नमस्कारही करू नये आणि हसूही नये. बाहेर पडणाऱ्यासाठी रस्ता तेवढा उघडा ठेवावा. एवढंच त्याचं काम.”

“आणि आत राहणाऱ्यांचं काय?” मुकादम सर म्हणाले. “तुमच्या सगळ्या विचारात बाहेर पडणाराच नायक आहे, मॅडम. जो समजून-उमजून आत राहतो, तो तुम्हाला अडाणी वाटतो.”

मॅडम पुढच्या रविवारी आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “सर, आठवडाभर विचार केला. तुमचं बरोबर आहे. मला तो अडाणी वाटतो. हा माझा कट्टरपणा आहे. मी त्यावर काम करीन.” मुकादम सर इतके ओशाळले की त्यांनी सगळ्यांसाठी खाली जाऊन चहा सांगितला.

असं चाललं होतं. मग तो रविवार आला.

विषय होता, देवाचा शब्द मोठा की संविधान. त्या दिवसांत शहरातलं वातावरण आधीच बिघडलेलं होतं. झेंडे लावलेल्या मोटरसायकली हॉर्न वाजवत गल्ल्यांमधून फिरायच्या. कुणीतरी कुणाची गाडी अडवली होती, काचा फुटल्या होत्या, नया नगरच्या तोंडाशी पोलिसांची व्हॅन कायमची उभी होती. त्या सकाळी खोलीत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, त्यातली काही अनोळखी. कट्टर धर्मवाद्याचा पूर्वपक्ष मांडायला कुणी तयार होईना. भोईर खाली बघत बसला. मुकादम सर म्हणाले, “आज नको, मॅडम. आज माझ्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला परवडणार नाही.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “मी मांडते.”

त्या उभ्या राहिल्या आणि मांडलं. संविधान माणसांनी लिहिलं आहे. माणसं चुकतात. हात वर करून मतं मोजल्याने खरं-खोटं ठरत नाही. देवाने सांगितलेल्या गोष्टीला दुरुस्ती लागत नाही, आणि या पुस्तकाला कितीदा लागली. “म्हणून माझ्या देवाच्या शब्दापुढे मला हे पुस्तक लहान आहे.” हे त्या इतक्या मनापासून म्हणाल्या की क्षणभर मलाही ते पटलं. मग त्या खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “आता याला उत्तर द्या. सोपं नाही.” पुढचा सगळा वेळ त्यांनी स्वतःच त्याचं उत्तर दिलं. देव बोलला असेल, पण ऐकणारा माणूसच होता; आणि माणूस चुकतो हे तर तुम्हीच आधी मान्य केलंय. म्हणून ज्या पुस्तकात दुरुस्तीची सोय आहे तेच माणसाला झेपणारं पुस्तक. मी त्यांच्या तोंडून ऐकलेल्यांतली ही सर्वात चांगली मांडणी होती.

ती कुणीच पाहिली नाही. लोकांनी पाहिलं ते आधीचं. कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं आणि नेमकं कापलं होतं. ‘मला हे पुस्तक लहान आहे’ इथे क्लिप संपायची.

दोन दिवसांत ती सगळीकडे फिरली, आणि जिथे गेली तिथे तिचा वेगळा अर्थ झाला. भोईरच्या मंडळातल्या लोकांना वाटलं, बाई ‘त्यांची’ बाजू घेतेय. नया नगरात काहींना वाटलं, बाई आपली टिंगल करतेय. आणि परभणीहून मॅडमच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्यांचं सगळं घर बौद्ध. वडिलांनी संविधानाची उद्देशिका चौकटीत घालून दारासमोर लावलेली. भाऊ एवढंच म्हणाला, “ताई, हे तू बोललीस?” आणि मॅडम काही सांगायच्या आत त्याने फोन ठेवला.

“त्याला वाटलं, मी हो म्हणेन,” मॅडम मला म्हणाल्या. “म्हणून ऐकायला थांबला नाही.”

क्लिप कुणी कापली ते आजही मला माहीत नाही. त्या खोलीतली माणसं मात्र त्यानंतर एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. मीही पाहत होतो. भोईरकडे पाहायचो तेव्हा वाटायचं, यानेच. मुकादम सरांकडे पाहायचो तेव्हा वाटायचं, यांनी तर नसेल? आणि ते दोघे माझ्याकडे तसंच पाहत असणार. मॅडमना मी एकदा विचारलं, तुमचा संशय कुणावर? त्या म्हणाल्या, “मी ते दार उघडलंच नाही अजून. उघडलं तर मग तुमच्याबरोबर चहा पिता येणार नाही.”

मग फोन सुरू झाले. शिव्या देणारे होते, पण त्यांचं मॅडमना फार वाटत नसे. एक आवाज होता तो शिवी द्यायचा नाही. तो फक्त मॅडमचा पत्ता वाचून दाखवायचा. बिल्डिंगचं नाव, विंग, मजला, फ्लॅट. हिंदीत, सावकाश, कुरिअरवाला विचारतो तसं. “बराबर है ना?” म्हणायचा आणि ठेवायचा. मॅडमनी पोलिसांत सांगितलं. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, धमकी काय दिली? पत्ता तर सगळ्यांनाच माहीत असतो.”

बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार त्यांच्यासाठी कुणी धरून ठेवेना. वॉचमन त्यांच्यावर जीव टाकणारा, तोही अदबीने म्हणाला, “मॅडमजी, कुछ दिन पीछे वाले गेट से आइए ना. आगे लड़के लोग बैठते हैं.” समोरच्या घरातल्या शहाबेन रोज सकाळी मॅडमशी गुजराती-मराठी मिसळून बोलायच्या, त्यांनी दार अर्धंच उघडायला सुरुवात केली. मॅडमनी खिडकीजवळची खुर्ची आत सरकवली. बेल वाजली की त्या आधी स्वयंपाकघरात जायच्या आणि मग दाराशी यायच्या. कामून, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. “पळायला जागा नाही हे माहीत असूनही पाय तिकडेच जातात.”

प्राचार्यांनी माफीनामा मागितला. मॅडम म्हणाल्या, खुलासा देते. माफी कशाची मागू? वाक्य माझंच आहे, मत माझं नाही, एवढंच लिहू शकते. प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, “पण मॅडम, जे मत आपलं नाही ते इतकं चांगलं का मांडायचं? जरा कमी मांडायचं ना.” मॅडमना या बोलण्याचं हसू आलं. पण परत येऊन टेबलाशी बसल्या तेव्हा त्यांनी अर्धा लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

“सर, भीतीचा मोठा त्रास काय आहे सांगू?” त्या मला म्हणाल्या. “ती विचार करू देत नाही. सकाळपासून मी एक वाक्य लिहायचा प्रयत्न करतेय. ‘जर’ लिहिते आणि ‘तर’ सुचत नाही. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं हो मी.”

त्याच आठवड्यात एका दुपारी मी त्यांच्या घरी भाजी आणि औषधं घेऊन गेलो होतो. त्यांनी बाहेर पडणं जवळजवळ बंद केलं होतं. आम्ही चहा घेत होतो आणि बेल वाजली. नेहमीची एक बेल नाही. बोट काढलंच नाही. मी दाराच्या भोकातून पाहिलं. भोईर होता. त्याच्या मागे पाच-सहा तरणे पुरुष, आणि सर्वात मागे, जिन्याच्या कठड्याला धरून, पांढऱ्या कपड्यांत साळवेकाका. साळवेकाका म्हणजे मॅडम जात त्या बुद्धविहारातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांचा या बाकीच्यांशी काही संबंध नव्हता. गेटपाशी गाठ पडली आणि सगळे एकाच घरी निघालेत हे कळलं, एवढंच.

“उघडू नका,” मी हळूच म्हणालो.

मॅडम स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग बाहेर आल्या. “विनायक आहे ना? मग उघडावं लागेल. आणि साळवेकाकांना मी बाहेर उभं ठेवणार नाही.”

दार उघडलं. माणसं एकदम आत आली, चपला न काढता. एकाने आल्याआल्या मोबाइल वर धरला. एक आडव्या अंगाचा पोरगेला माणूस पुढे झाला. “बाई, तुम्ही संविधान लहान आहे म्हणालात की नाही? हो की नाही? इथं कॅमेऱ्यात बघून हात जोडा आणि माफी मागा. आणि आम्ही सांगू ती घोषणा द्यायची.”

“घोषणा नंतर,” मागून साळवेकाका ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. “आधी मला सांग, सरोज. तुझ्या बापानं काय शिकवलं तुला? आम्हाला माणूस कुणी केलं? त्या पुस्तकानं. आणि तू त्याला...”

मला वाटलं, आता मॅडम बोलतील. दोन वाक्यांत सगळं मोकळं करतील. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? मॅडमनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. ओठ हलले, पण शब्द नाही. भीतीने माणसाचा आवाज जातो हे मी ऐकून होतो, पाहिलं त्या दिवशी. मोबाइलवाला आणखी जवळ आला. मी मधे शिरलो तर कुणीतरी मला खांद्याला धरून कपाटाकडे ढकललं. कपाटावरची पुस्तकं माझ्या अंगावर पडली. कुणीतरी हसलं. त्या हसण्याची भीती मला अजून वाटते.

“थांबा रे,” भोईर म्हणाला. तो इतका वेळ दारातच उभा होता. “मोबाइल खाली कर. मॅडमचं काय म्हननं हाय ते मी सांगतो.”

“तू काय सांगणार?”

“मी त्या खोलीत होतो. सांगतो.” त्याने चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि भिंतीला टेकून उभा राहिला, वर्गात उत्तर द्यायला उठल्यासारखा. “मॅडम म्हनतात, देव बोलला असंल, पन ऐकनारा मानूस होता. मानूस चुकतो. तुझा पन चुकतो, माझा पन चुकतो. म्हनून देवाच्या नावानं कुनी कुनावर जबरदस्ती करू नये. ज्या पुस्तकात चूक सुधारता येते, त्यावर आपन सगळे एकत्र राहू शकतो. धर्म पाळायचा तर पाळा. पन कुनाला सोडून जायचं असंल तर त्याला मारायचं न्हाय, वाळीत टाकायचं न्हाय.” तो थांबला. मग मॅडमकडे पाहून म्हणाला, “बरोबर हाय का, मॅडम? असंच ना?”

मॅडमनी मान हलवली.

“आनि ते जे क्लिपमधी हाय,” भोईर म्हणाला, “ते दुसऱ्याचं म्हननं हाय. ते आधी बोलावं लागतं, मग खोडायचं असतं. तसा नियम हाय तिथला. मला मॅडमचं पटत न्हाय. आजपन पटत न्हाय. माझं देऊळ, माझा देव, त्यात मी कुनाला बोलू देनार न्हाय. पन त्या जे बोलल्याच न्हायत, त्याच्यासाठी मी त्यांच्याशी भांडनार न्हाय.”

“म्हणजे तू कुणाच्या बाजूने?” आडव्या अंगाच्याने विचारलं.

“तुमच्याच. पन खोट्यावर न्हाय.”

साळवेकाका पुढे आले. मॅडमच्या अगदी समोर उभे राहिले. “सरोज, हा म्हणतो ते खरं?” मॅडमनी पुन्हा मान हलवली. साळवेकाका चपलांच्या रॅकवर मटकन बसले आणि म्हणाले, “पाणी द्या कुणीतरी.” मी पाणी आणायला गेलो. परत आलो तोवर बाकीची माणसं निघाली होती. मोबाइलवाला दारातून वळून अगदी शांतपणे म्हणाला, “पुढच्या वेळी विनायक नसेल.” भोईर त्यांच्याबरोबर गेला. जाताना त्याने मॅडमच्या पायाला हात लावला की नाही, ते मला आठवत नाही. लावला असता तर आठवलं असतं, असं वाटतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. क्लिप फिरतच राहिली. ती ज्यातून कापली होती ते सगळं भाषण कुणीतरी शोधून नेटवर टाकलं, पण ते लांब होतं. लांब कोण ऐकतं? भोईरला मंडळाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. हे मला बाहेरून कळलं. तो कॉलेजच्या गेटवर एकदा भेटला तेव्हा म्हणाला, “सर, मॅडमना सांगू नका. त्यांना उगाच वाटंल की माझं मत बदललं.” मुकादम सरांनी रविवारी येणं सोडलं. एका मधल्या सुट्टीत त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं, दार लावून घेतलं. “आमच्या गल्लीत विचारतात, तुम्ही तिथे जाऊन देवाचा शब्द मोठा की लहान यावर चर्चा कशी करता? माझ्या मुलीचं लग्न ठरतंय, सर. मी भित्रा आहे म्हणा.” मी म्हणालो, मी असं म्हणणार नाही. ते म्हणाले, “मॅडमही म्हणणार नाहीत. त्याचाच त्रास होतो.” वाचनालयाने दुरुस्तीचं कारण सांगून खोली बंद केली. तिथे दुरुस्ती झालेली मी पाहिली नाही.

मॅडमनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. फ्लॅट विकून त्या परभणीला जातील असं सगळ्यांना वाटलं. भावाने बोलावलंही होतं, साळवेकाकांनी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. पण मॅडम उलट दिशेला गेल्या. चौकला. भाईंदरजवळच्या उत्तनच्याही पुढे, किनाऱ्यावरचं कोळीवाड्याचं गाव ते. तिथली एक मुलगी पूर्वी त्यांच्याकडे तर्कशास्त्राला होती. तिची आई मालूबाय, तिच्या घरामागची खोली मॅडमनी भाड्याने घेतली. मी विचारलं, तिथेच का? म्हणाल्या, “तिथे माझा पत्ता नीट सांगताच येत नाही कुणाला. विंग नाही, मजला नाही.” आणि हसल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चौकलाच. भाईंदर पश्चिमेहून बस पकडून गेलो होतो, न कळवता. दुपार कलत होती. रस्त्याच्या कडेला बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि खाली चार-पाच बायका मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात, प्लास्टिकच्या स्टुलावर, सुती साडीत मॅडम. त्या मालूबायशी वाद घालत होत्या. गावच्या देवीच्या पालखीला विधवा बायांनी हात लावावा की नाही, असं काहीसं होतं. मी लांबच थांबलो. मॅडमचा आवाज परत आला होता.

“थांबा, मालूबाय, आधी तुमचं म्हणणं मी सांगते...”

“तू कशाला सांगतं माझं म्हननं? मी काय मुकी हाय?” मालूबाय म्हणाली, आणि बायका खदखदून हसल्या. मॅडमही हसल्या. चष्मा काढून पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात वळणावरून मोटरसायकली आल्या. आठ-दहा असतील, झेंडे लावलेल्या, हॉर्न लांबवत. मॅडमचं हसणं तोंडावरच थांबलं. त्या स्टुलावरून अर्ध्या उठल्या, चष्मा हातातच, आणि कुठे बघावं ते न कळल्यासारख्या उभ्या राहिल्या. मालूबायने मान वर केली नाही. ती फक्त बसल्या जागी जड अंगाने सरकली, टोपली ओढली, आणि रस्ता आणि मॅडम यांच्या मधे येऊन बसली. तिच्या बाजूची बाई सरकली. मग तिसरी. हात कुणाचेच थांबले नव्हते.

“बस तू,” मालूबाय म्हणाली. “जत्रंचे हायत ते. जाऊं दे त्यांना.”

मोटरसायकली गेल्या. धूळ बसेपर्यंत मॅडम बायांच्या आड तशाच अर्धवट वाकून उभ्या होत्या. मग खाली बसल्या. त्यांनी चष्मा लावला. बायांनी त्यांना बोलायला लावलं नाही. हे मी पाहिलं असं त्यांना कळू नये, म्हणून मी पुढे गेलो नाही. परतीची बस उभी होती. तिच्यात चढलो आणि खिडकीतून पाहत राहिलो. निघायच्या आधी मला दिसलं, मॅडमनी एक बोट वर केलं होतं, वर्गात मुद्दा सुरू करताना करत तसं, आणि मालूबाय मासळी कापायचा कोयता थांबवून त्यांच्याकडे पाहत होती.